नऊ तिनांची आगगाडी

सबिहा, सहाशे त्र्याहत्तर.

घे, सांगितलं. दीड वर्ष हा आकडा माझ्या तोंडात होता, आणि तू समोर असताना तो एकदाही बाहेर आला नाही. आता तू ऐकायला नाहीस, तर सकाळपासून चारदा मोठ्यानं म्हणून झाला. भाजी फोडणीला टाकताना म्हटला. रिक्षात बसताना म्हटला. रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "कुठं म्हणालात मॅडम?" मी म्हटलं, "औरंगपुरा."

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. स्टाफरूममधल्या तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. बसू नका असं कुणी सांगितलेलं नाही, पण बसत नाही. मी तर कुठल्याच खुर्चीवर बसत नाही. तास संपला की व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते. घंटा झाली की वर्गात शिरते, पुन्हा बाहेर. पाय थांबतच नाहीत. थांबले की तो आकडा येतो.

सुरुवात तुझ्याच वर्गात झाली होती. आठवी ब, मूळसंख्यांचा तास. मी शेजारच्या वर्गात होते आणि नेहमीप्रमाणं तुझा आवाज मधल्या भिंतीतून माझ्या पोरांनाही शिकवत होता. तू फळ्यावर आगगाडी काढली होतीस. एक हे इंजिन. त्याला तीनचा एक डबा जोडला की एकतीस. मूळसंख्या, एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग न जाणारी. अजून एक डबा, तीनशे एकतीस. तीही मूळ. तीन हजार तीनशे एकतीस, तीही. असे डबे जोडत तू सातपर्यंत गेलीस आणि सातही गाड्या मूळ निघाल्या. पोरं बाकं वाजवायला लागली. मग तू आठवा डबा जोडलास. तेहतीस कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस. "बोला, ही?" सगळा वर्ग ओरडला, "मूळ!" तू जरा थांबलीस, मजा घेत, आणि सतरानं भागून दाखवलंस. बाकी शून्य.

तुझा वर्ग असा गप्प झाला की माझाही झाला.

मग मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, मग नऊ डब्यांची?" आणि तुला उत्तर येत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर "पुढच्या वर्षी येईल ते" म्हणून सुटलं असतं. तू म्हणालीस, "मला नाय माहीत. बघून सांगते."

मधल्या सुट्टीत तू जुन्या दोनशे पानी वहीवर तो आकडा लिहून माझ्यासमोर ठेवलास. ३३३३३३३३३१. मी पर्समधून मोबाइल काढला. तू माझ्या हातावर हात ठेवलास.

"नक्को. हातानं बघू."

"अगं, याच्या वर्गमुळापर्यंत जावं लागेल. सत्तावन्न हजार सातशे पस्तीस. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भागून बघायचं. साडेपाच हजारांच्या वर होतात त्या. रोज दोन भागाकार केलेस तरी आठ वर्षं."

"चालतंय की. रिटायर व्हायला नऊ हायेत."

"आणि तेवढं कशाला? माळ एकदा तुटली सबिहा. आता ती तुटतच जाणार."

"एक टूटी तो सब टूटी क्या?" तू विचारलंस. "माझं ऐक शोभे, ही कटायची नाय, कुणाचाच भाग जायचा नाय. ही अकेली हाय."

"कटणार."

"नाय कटणार. पर मोबाइल नक्को. कसम हाय तुला."

मी मान हलवली. तेवढंच. पुढं मी स्वतःला सांगत राहिले की मान हलवणं म्हणजे शपथ घेणं नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत ओट्याशी उभी असताना मी मोबाइलमध्ये तो आकडा टाकला. का, ते आजही सांगता येत नाही. तुझ्याआधी मला माहीत असावं असं वाटलं असेल. गणितात तू माझ्यापेक्षा हुशार होतीस आणि ते आपल्या दोघींनाही माहीत होतं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं. सहाशे त्र्याहत्तर गुणिले एकोणपन्नास लाख बावन्न हजार नऊशे सत्तेचाळीस. म्हणजे मी जिंकले होते. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला, आणि जिंकल्याचं काहीच वाटलं नाही. उलट लाज वाटली. मग मी ठरवलं की आपण गप्प राहायचं. सहाशे त्र्याहत्तरपर्यंत तू दोन महिन्यांत येशील, स्वतःच्या हातानं शून्य काढशील, स्टाफरूममध्ये आरडाओरडा करशील आणि मी आश्चर्य वाटल्याचं नाटक करीन. कुणाचं काय बिघडणार होतं?

रोज सकाळी तू मला हजेरी द्यायचीस. "आज पाचशे तीन, पाचशे नऊ. दोनो गए." कधी चार व्हायच्या, कधी एकही नाही. तुझ्या सिल्लोडच्या माहेरी लग्न होतं त्या आठवड्यात वही उघडलीच नाहीस, आणि मीच तुझ्यापेक्षा जास्त उतावीळ झाले होते. सहाशे एकसष्ट झाल्याचं तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी औरंगपुऱ्यातून इमरती घेऊन गेले.

तू आलीस, ओढणीनं कपाळ पुसलंस आणि म्हणालीस, "सहाशे सत्त्याहत्तरपण झालं."

"आणि त्र्याहत्तर?"

"तेपण. नाय गेला भाग."

तू खोका उघडलास. "किस खुशी में?"

"भाच्याचा रिझल्ट लागला," मी म्हणाले.

तू दोन इमरत्या खाल्ल्यास आणि भाच्याला खूप आयुष्य मागितलंस.

त्या क्षणी म्हणायला हवं होतं, "त्र्याहत्तरचा पुन्हा एकदा कर गं." एवढंच. पण तू माझ्याकडं एकदा बघितलं असतंस आणि तुला सगळं कळलं असतं. मला ते नको होतं. सबिहा, मी शाळेत नवीन होते तेव्हाची गोष्ट तुला आठवत असणार. साहेब तपासणीला आलेले, मी फळ्यावर समीकरण सोडवत होते आणि एका ओळीत उणे चिन्ह गिळून पुढं गेले. तू दारातून जात होतीस. आत आलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "मॅडम, तिसरी ओळ." साहेब हसले, पोरं हसली. मी आठ दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र माझा डबा उघडून खात राहिलीस आणि नवव्या दिवशी म्हणालीस, "गलती गरम असताना सांगावी. थंडी झाली की तिला कुणी हात लावत नाय." त्यानंतर वर्गात माझं चुकलं तर मी पोरांना खुशाल सांगायला लागले. ते तुझं शिकवणं. मेंढरं राखणाऱ्या बापाची पोर मी, चुकलं की पाठीत काठी बसायची, म्हणून चूक लपवायची सवय लागली होती. ती तू सोडवलीस असं मी वीस वर्षं समजत होते.

सोमवारी सांगीन असं ठरवलं. सोमवारी तू आली नाहीस. गुरुवारी आलीस आणि जिन्यात मला थांबवून सांगितलंस की गाठ आहे, तपासायला दिली आहे.

मग कसं सांगायचं?

मग दवाखाना, सुया, सलाईन, रफिकभाईंच्या स्कूटरवरून तुम्हा नवरा-बायकोचं येणं-जाणं. आणि पिशवीत वही. तुझ्या खाटेशी बसले होते तेव्हा तू हसत हसत सांगितलंस, "डॉक्टरला बोलली मी, मेरेकू आठ साल होना. ते बोलले, आठच कायको? मी बोलली, भागाकार बाकी हायेत." रफिकभाई खिडकीतून बाहेर बघत होते. डॉक्टरांनी काय उत्तर दिलं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून तो आकडा माझ्या हातून गेला. तोवर ते माझं एक लहानसं खोटं होतं. आता त्याच्यावर तुझी आठ वर्षं उभी होती. मी सहाशे त्र्याहत्तर म्हटलं असतं तर ती वही बंद झाली असती. आणि नाही म्हटलं तर तू, हात सुजलेला असताना, उलट्या होत असताना, ज्या भागाकारांना आता काही अर्थच उरला नव्हता ते करत बसणार होतीस. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि रोज काहीच न करता घरी यायची.

उलट मी मदत केली. हे तर मला सगळ्यात जास्त टोचतं. तुझी बोटं बधिर झाली तेव्हा मी तुला पाढे लिहून द्यायला लागले. चौदाशे तेवीस साते नऊ हजार नऊशे एकसष्ट. तू त्यावरून भागायचीस, मी वजाबाकी बघायची. तू म्हणायचीस, "नीट बघ हां, हातचा राहतो कधीकधी." आणि मी नीट बघायची. एकही चूक होऊ दिली नाही मी, सबिहा. कामाचा एक भागाकार चुकून गेल्यावर बिनकामाचे शे-दीडशे मी डोळ्यात तेल घालून तपासले.

एकदा भांडलेही. तू तापानं फणफणली होतीस आणि वही मागत होतीस. मी ओरडले, "काय फायदा आहे गं त्याचा?" तू माझ्याकडं असं बघितलंस! जन्मभर ज्या प्रश्नावर आपण पोरांना झापलं तो मी तुला विचारला होता. तू कुशीवर वळलीस. "तेरेकू काय त्रास हाय?" एवढंच म्हणालीस. ते भांडण आपण कधी मिटवलंच नाही. चार दिवसांनी तू फोन केलास आणि थेट पुढच्या मूळसंख्येवरच आलीस.

मग वेरूळ. मधे तुला बरं वाटत होतं तेव्हा तूच हट्ट धरलास. रफिकभाईंनी कुणाची तरी गाडी आणली. कैलास लेण्यासमोर तू पायरीवर बसलीस, डोक्यावर ओढणी घट्ट लपेटलेली, आणि वर बघत राहिलीस.

"वरून खाली खोदत आले म्हणे."

"व्हय."

"चुकलं तर? इथं तर रबरपण नाय चालत."

मी हसले. तू हसली नाहीस. रफिकभाई पाण्याची बाटली आणायला गेले होते. तू वर बघतच विचारलंस, "शोभे, सच बोल. मोबाइलमध्ये बघितलंस ना तू?"

तुला सांगते, त्या वेळी माझ्या तोंडात तो आकडा आला होता. सहाशेपर्यंत आला होता.

"नाय," मी म्हणाले.

"कसम?"

"उन्हात नको बसू, चल, सावलीत ये."

"अच्छा," तू म्हणालीस, आणि उठलीस. त्या 'अच्छा'चा अर्थ मी रोज नवा लावते. कधी वाटतं तुला सगळं माहीत होतं आणि तू मला सुटायची एक संधी दिलीस. कधी वाटतं तू नुसतंच विचारलंस आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. दुसरं जास्त वाईट आहे. कुठलं खरं ते सांगणारी तू एकटीच होतीस.

तू गेलीस त्या दिवशी मी तुमच्या घरी बायकांमध्ये बसले होते. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तो मी तसाच धरून ठेवला, दुपार होईपर्यंत. त्याबद्दल आज नाही लिहीत.

परवा गेले होते. रफिकभाईंनी चहा टाकला. तुझी झोया वही घेऊन आली. कॉलेजात जाते, पण उभी राहते अगदी तुझ्यासारखी, एका पायावर भार टाकून. म्हणाली, "शोभाखाला, अम्मी एकोणीसशे सत्त्याण्णववर थांबली. आता मी पुढं करणार. आठवी बच्या पोरांना सांगायचं राहिलंय ना."

रफिकभाई म्हणाले, "सबको बोलके गई, ये नहीं कटती."

सबिहा, तिथं मात्र मला राहवलं नाही. तुझी आठ वर्षं मी तुझ्यापाशी राहू दिली, बरोबर की चूक, देव जाणे. पण तुझ्या पोरीची कशी घालवू? मी वही मागून घेतली, पानं उलटली आणि ते पान काढलं. सहाशे त्र्याहत्तर. सुरेख अक्षर तुझं, हात जरासुद्धा कापलेला नाही. चार लावलेस, बरोबर. नऊ लावलेस, बरोबर. पाच लावलेस. तीन हजार पाचशे त्रेसष्टातून तीन हजार तीनशे पासष्ट गेले, एकशे अठ्ठ्याण्णव उरायला हवेत. तू दोनशे आठ लिहिलेस. हातचा राहिला. तिथून पुढचं सगळं बरोबर, पण सगळं वेगळ्याच रस्त्यानं, आणि शेवटी बाकी तीनशे शहाण्णव. त्या पानावर मी कारण शोधत बसले. तुला तेव्हा दुखत होतं का, कुणी हाक मारली होती का. काही नाही. नुसता हातचा राहिला.

"कटती बेटा," मी म्हणाले. "सहाशे त्र्याहत्तरनं कटते."

झोयानं पेन्सिल घेतली आणि शेजारच्या कोऱ्या जागेत पुन्हा भागलं. शून्य आलं.

"अम्मीला माहीत होतं?"

"नाही."

"तुम्हाला?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

ती उठली आणि आत गेली. दार लावून घेतलं, आपटलं नाही. रफिकभाई म्हणाले, "चहा थंडा हो गया मॅडम, गरम करून आणतो." गेले, आणि परत आलेच नाहीत. मी चपला घालून बाहेर पडले आणि तुमच्या रोशन गेटपासून माझ्या घरापर्यंत चालत गेले.

आज मधल्या सुट्टीत झोया शाळेत आली. गेटवरून फोन केला, आत आली नाही. तिच्या हातात वही होती. म्हणाली, "गलतीवालं पान मी काढून घेतलं. ते माझ्याकडं राहील. बाकीची तुम्ही ठेवा." मी म्हटलं, "झोया, मी..." ती म्हणाली, "आज नका बोलू, खाला. मला अजून राग आहे." आणि गेली. कोपऱ्यावर वळताना एकदा मागं बघितलं तिनं. का बघितलं, माहीत नाही.

पाचव्या तासाला मी आठवी ब मागून घेतली. ती पोरं आता दहावीच्या उंबरठ्यावर आहेत, हे वर्गात शिरेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही. समोर बसलेली सगळी नवी. नऊ डब्यांचं विचारणारी ती पोरगी मला दोन मजले वर, नववीच्या वर्गात सापडली. तिला बाहेर बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "हो का मॅडम? मी विसरलेच होते." मग म्हणाली, "सबिहा मॅडम खरंच बघत होत्या?" मी म्हटलं, "हो. शेवटपर्यंत." ती रडायला लागली. मला वाटलं नव्हतं ती रडेल.

आता शाळा सुटलीय. स्टाफरूम रिकामी आहे आणि मी बसलेय, तुझ्या खुर्चीवर. वहीचं शेवटचं पान उघडलं. एकोणीसशे सत्त्याण्णव. एक लावलास, सहा लावलेस, खाली तेराशे एक्क्याऐंशी लिहून थांबलीस. याचा आता काही उपयोग नाही, मला माहीत आहे. तरी मी वरचा तीन खाली उतरवला. सहा लावले. मग नऊ, मग एक, मग सात, मग शून्य. प्रत्येक वजाबाकी दोनदा बघितली.

बाकी आठशे एक्केचाळीस राहिली. एकोणतीसचा वर्ग आहे गं, सबिहा.